वाळूवरची अंडी

फाल्गुन. जिंतूरच्या डोंगरांत सागाची पानगळ झाली आहे, पळस पेटला आहे. आपलं हे रान शुष्क पानझडीचं. पानं गळली की पक्षी उघडे दिसतात, म्हणून मला ते याच दिवसांत आवडतं. हळद्या दिसला, तांबटाची टुकटुक तर पाठच सोडत नव्हती.

येलदरीच्या जलाशयावर चक्रवाकांच्या जोड्या अजून होत्या. थोड्याच दिवसांत ते हिमालय ओलांडून लडाख-तिबेटकडे जातील. एवढासा जीव, केवढी वाट!

पण मन गुंतलं ते धरणाखाली, पूर्णेच्या पात्रात. नदी सुरय पाण्यावर सूर मारत होते. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की हा पक्षी नदीतल्या वाळूच्या बेटावर नुसता खळगा करून अंडी घालतो. काडी नाही, गवत नाही. अंड्यांचा रंगच वाळूचा. तोच त्यांचा आडोसा. त्या वाळूवरून ट्रॅक्टर गेला, की विणीचा हंगाम संपला. पूर्णा काय, गोदावरी काय, दोन्हीकडे वाळूचा उपसा थांबत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

नदीकाठच्या गावकऱ्यांनो, मार्च ते मे निदान ही बेटं तरी राखा.