निमकी

सावंतवाडीच्या घरी दिवेलागणीला आजोबा आम्हा भावंडांकडून परवचा म्हणून घेत. पाढे झाले की पावकी, निमकी, दीडकी. कॅल्क्युलेटरच्या काळात हे कशाला, असं आई पुटपुटायची. आता मी मांडवीत नांगरून ठेवलेल्या जहाजावर रात्रपाळीला ब्लॅकजॅकच्या टेबलामागे उभी राहते, आणि तिथे दीडकीवाचून माझं पान हलत नाही. पाहुण्याला पहिल्या दोन पानांत एक्का आणि चित्र किंवा दश्शी आली की लावलेल्या रकमेच्या दीडपट द्यायचे. सातशेला साडेदहाशे, तेराशेला साडेएकोणीसशे. तेही पापणी लवायच्या आत, कारण डोक्यावर कॅमेरा असतो आणि पाठीशी पिट बॉस.

दीडकीचं वर्तुळ मुख्य खेळाचं. त्याला लागून टेबलाच्या हिरव्या कापडावर दोन लहान वर्तुळं छापलेली असतात. ती साइड बेटची. पाहुणे त्यांना 'छोटं' म्हणतात. "छोट्यावर पण दोनशे टाक."

प्रशिक्षणात पहिले कित्येक दिवस आमचे नुसते हात घडवतात. चिप्सची चळत एका बोटाने कापायची, शूमधलं, म्हणजे पत्त्यांच्या पेटीतलं, पान न उचलता सरकवायचं, टेबल सोडताना तळवे उलटेसुलटे करून कॅमेऱ्याला दाखवायचे. हे अंगवळणी पडलं की ब्लॅकजॅक वाटण्याला एक ताल येतो. साइड बेट तो ताल मोडते. सगळ्यांना दोन-दोन पानं, मला एक उघडं पान, आणि थांबायचं. आधी छोटी वर्तुळं निकालात काढायची, हरलेल्या चिप्स उचलायच्या, जिंकलेल्यांना मोजून द्यायच्या, मगच पहिल्या पाहुण्याकडे वळायचं.

पहिलं छोटं वर्तुळ जोडीचं: पाहुण्याची पहिली दोन पानं जोडीची आली की पैसे. पहिल्याच महिन्यात मी इथे माती खाल्ली. पाहुण्याला बदामची अठ्ठी आणि चौकटची अठ्ठी आली होती. दोन्ही लाल, म्हणजे रंगीत जोडी, एकास बारा. मी ती साधी जोडी धरून एकास सहाने पैसे दिले. पाचशेचे सहा हजार द्यायचे ते तीनच हजार. पाहुण्याच्या लक्षातही आलं नव्हतं, पण वरच्या कॅमेऱ्याच्या आलं. त्या रात्री बोटीतून जेट्टीवर परतताना मी अठ्ठ्या मोजत होते.

मोजायची सवय तिथून लागली. आमच्या शूमध्ये सहा कॅट, ३१२ पानं. पहिलं पान हातात आल्यावर उरलेल्या ३११ पानांत त्याच्या जोडीची २३ असतात: ५ हुबेहूब तशीच, ६ त्याच रंगाची, १२ दुसऱ्या रंगाची. त्यांना अनुक्रमे २५, १२ आणि ६ पट मिळत असतील, तर पाहुण्याने लावलेल्या दर शंभरामागे सरासरी सहा रुपये कॅसिनोकडे राहतात. त्या सहापटीच्या जागी पाच छापलं की शंभरामागे जवळजवळ दहा. कापडावरचा एवढा एक आकडा. एवढ्या वर्षांत तो वाकून वाचणारे पाहुणे मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकते.

मुख्य खेळ असा नाही. १९५६ साली अमेरिकी सैन्यातल्या चौघांनी साध्या आकडेमोडीच्या यंत्रांवर खपून ब्लॅकजॅकच्या प्रत्येक हाताला काय करावं याचं कोष्टक प्रसिद्ध केलं, आणि १९६२ साली एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने पुस्तक लिहून त्याच्याही पुढची वाट दाखवली. नियम बरे असतील आणि माणूस कोष्टक पाळून खेळत असेल, तर कॅसिनोला शंभरामागे अर्धा रुपया सुटतो. पण कोष्टक पाळणं जिवावर येतं. हातात सोळा, माझ्यासमोर दश्शी, आणि पान मागायचं. मागितलं आणि फुटलं तर शेजारचे सहा जण बघणार. छोटं वर्तुळ असलं काही विचारत नाही. चिप ठेवली की हात मोकळे. माझ्या मते लोक तिथे बक्षिसासाठी कमी आणि ठरवण्यातून सुटका मिळावी म्हणून जास्त पैसे टाकतात. थकलेल्या माणसाची चिप मुख्य वर्तुळातून छोट्यात सरकताना मला दिसते, साधारण पहाटे तीननंतर.

दुसरं छोटं वर्तुळ आपल्या लोकांचं फार लाडकं. पाहुण्याची दोन पानं, माझं एक, अशी मिळून तीन पत्ती. कलर, सिक्वेन्स, ट्रेल, सगळं ओळखीचं; फक्त जोडीला काही नाही. गणपतीत जागरणाला चिंचोक्यांवर तीन पत्ती खेळलेला पाहुणा इथे हमखास वाद घालतो. ट्रेलला तीसपट आणि प्युअर सिक्वेन्सला चाळीस, हे कुठलं उलटं शास्त्र? त्याचंही चूक नाही, घरच्या खेळात ट्रेलच मोठी. पण एका कॅटमध्ये ट्रेल ५२ तऱ्हांनी जमते आणि प्युअर सिक्वेन्स ४८. म्हणजे चिंचोक्यांच्या खेळातही दुर्मीळ कोण ते आपण पिढ्यान्‌पिढ्या उलटंच मानत आलो. सहा कॅटमध्ये तर ट्रेल अडीचपट जास्त. हे मी पाहुण्याला सांगत नाही. हसते आणि कापडाकडे बोट दाखवते.

आणि निमकी. माझं उघडं पान एक्का निघालं की मला थांबून, टेबलावरून हात फिरवत विचारावं लागतं, "इन्शुरन्स?" मूळ रकमेच्या निम्मे लावायचे, माझं दुसरं पान दहाचं निघालं तर त्याचे दुप्पट. माझे बाबा आयुष्यभर एलआयसीचे एजंट. गेल्या मे महिन्यात घरी गेले तेव्हा त्यांना हा विमा समजावून सांगितला. वर्तमानपत्राच्या कडेला ते आकडे मांडत गेले. ३११ पानांत दहाची ९६. बरोबरी व्हायला १०४ हवीत.

"आणि उतरवतं कोण?"

"ज्याच्या हातात वीस असतात तो. चांगला हात सांभाळायचा म्हणून."

"म्हणजे दोन दश्श्या त्याच्याकडेच?" बाबांनी ९६ खोडून ९४ केले, ३११ चे ३०९. "अरे, मग तुझं पान दहाचं यायची शक्यता त्याने स्वतःच कमी केलीय की. याचं घर पक्कं, त्यात हा विमा त्याच्या घराचा नाहीच. शेजारच्या घराला आग लागेल यावर पैसे लावतोय."

मी मान हलवली. त्यांनी चष्मा काढला.

"एजंट कोण?"

"मीच."

"कमिशन?"

"पगार," मी म्हटलं, आणि आईने चहा आणला.