एलन केलीचे कागद

नेड केली हे नाव ऑस्ट्रेलियात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पोलिसांना ठार मारणारा, बँका लुटणारा आणि १८८० साली ग्लेनरोवन गावात नांगराच्या लोखंडी पात्यांचे चिलखत घालून लढलेला हा दरोडेखोर तिथे अर्धा खलपुरुष, अर्धा लोकनायक आहे. ते चिलखत मेलबर्नच्या सरकारी ग्रंथालयात काचेआड ठेवले आहे. मी ते पाहिले. पण खरे सांगायचे तर मला त्यापेक्षा त्याच्या घराण्याच्या कागदांनीच जास्त खिळवून ठेवले.

बाप जॉन केली, आयर्लंडमधल्या टिपरेरीचा. दोन डुकरे चोरल्याबद्दल त्याला सात वर्षांची शिक्षा झाली आणि १८४२ साली तो जहाजाने आजच्या टास्मानियात येऊन पडला. ब्रिटनने १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत सुमारे १ लाख ६२ हजार कैदी असे ऑस्ट्रेलियात धाडले. सरकारी कारकुनांनी या कैद्यांची उंची, डोळ्यांचा रंग, केस, अंगावरचे व्रण आणि गोंदणसुद्धा लिहून ठेवले. या दप्तराला युनेस्कोने २००७ साली जागतिक वारशाच्या कागदपत्रांत स्थान दिले. गंमत पाहा, त्याच काळात सरळमार्गाने येऊन शेतात राबलेल्या माणसाचे डोळे काळे होते की घारे, हे त्याच्या वंशजांना बहुधा कळत नाही. जनगणनेचे नावनिशीवार तक्ते तर मोजणी झाली की नष्टच करीत. पूर्वी तिथली घराणी आपला कैदी पूर्वज लपवून ठेवत. आता तो सापडला की पेढे वाटायचेच काय ते बाकी असते! चोराचा माग लागतो, सज्जनाचा लागत नाही.

खुद्द नेडची जन्मनोंद मात्र सापडलेली नाही. १८५४ च्या अखेरीचा जन्म असावा असा अंदाज करतात. त्याचे नाव एका वेगळ्याच नोंदीत भेटते. डिसेंबर १८६६ मध्ये अॅव्हेनेल गावी जॉन केली वारला. मृत्यूच्या नोंदीत खबर देणारा म्हणून ‘एडवर्ड केली, मुलगा’ असे आहे. एडवर्ड म्हणजे नेड. वय अकरा-बारा. बाप गेल्याचे सांगायला घरातला हा थोरला मुलगा कचेरीत उभा राहिला असणार. नेडवर चित्रपट निघाले, पुस्तके तर ढिगाने निघाली. पण या एका ओळीइतका तो मला दुसरीकडे कुठे दिसला नाही.

त्याचे काही फोटोही तुरुंगामुळेच उरले. एक ऐन तारुण्यातला, कैद्यांच्या नोंदवहीसाठी काढलेला. दुसरा १० नोव्हेंबर १८८० चा, चार्ल्स नेटलटन या छायाचित्रकाराने काढलेला. भरघोस दाढी, नजर शांत. दुसऱ्या दिवशी फाशी होती. घरच्यांना आठवण म्हणून तो काढून घेतला असे सांगतात.

घरचे म्हणजे मुख्यतः आई. एलन क्विन ही अँट्रिमची. १८४१ साली आईवडिलांबरोबर लहान वयात आली, कैदी म्हणून नव्हे. १८५० मध्ये मेलबर्नच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये तिचे लग्न लागले आणि ती केली झाली. १८७४ मध्ये दुसरे लग्न करून किंग झाली. १८७८ मध्ये एका पोलिसाच्या खुनाच्या प्रयत्नात सामील म्हणून तिला तीन वर्षांची शिक्षा ठोठावली, तेव्हा तान्हे मूल तिच्या कडेवर होते. मुलाला फाशी दिली त्या सकाळी ती त्याच तुरुंगात कैदी होती.

तीन आडनावांची ही बाई कागदांत शोधताना मला आपल्याकडचे कुलवृत्तान्त आठवत राहिले. आमच्या घराण्याच्या वृत्तान्तात पुरुषांची नावे नऊ पिढ्या मागे जातात. कुणी गांव सोडले, कुणी देवळाला जमीन दिली, सगळे आहे. बायकांच्या वाट्याला कंसातला एक शब्द. माझ्या पणजीचे माहेरचे नाव घरात कुणालाच ठाऊक नाही. लग्नात बदलले ते बदलले. फोटो नाही, सही नाही. तिने कधी चोरीही केली नाही, मग सरकारने तरी तिची नोंद का ठेवावी?

केलींच्या बाबतीत मात्र शेवटी आईकडचाच धागा कामी आला. फाशी दिलेल्या कैद्यांची हाडे मेलबर्नच्या जुन्या तुरुंगातून १९२९ साली पेंट्रिज तुरुंगात हलवली होती. तिथे २००९ मध्ये काही सांगाडे मिळाले. त्यांतला नेड कोणता? आईकडून मुलांना जो डीएनए मिळतो तो पुढे फक्त मुलीच चालवतात. तेव्हा बापाचे आडनाव लावणारा वंशज इथे निरुपयोगी. नेडच्या बहिणीच्या वंशातला, लेकीच्या लेकींकडून आलेला एक शिक्षक शोधून काढला, त्याचे रक्त घेतले आणि २०११ मध्ये ओळख पटली. पायांच्या नि हातांच्या हाडांवरच्या गोळ्यांच्या खुणाही जुळल्या. कवटीचा बहुतेक भाग तेवढा नव्हता.

जानेवारी २०१३ मध्ये नेडला ग्रेटा गावच्या दफनभूमीत पुरले. एलन तिथे १९२३ पासूनच आहे. दोघांच्याही थडग्यावर नाव नाही.