गाडी चालू आहे

मोटार सुरू करायची म्हटले की मराठी माणूस काहीतरी मारतो. पूर्वी तो हँडल मारीत असे, स्कूटरला किक मारीत असे, बॅटरी बसली तर चार शेजारी जमवून धक्का मारीत असे. आणि किल्लीची सोय झाल्यावरही 'सेल्फ मारणे' हा शब्दप्रयोग काढून त्याने आपली परंपरा अखंड राखली. बरे, एवढी मारामारी होऊन इंजिन धडधडू लागले की हा गृहस्थ समाधानाने म्हणतो, "चालू झाली!" वास्तविक गाडी जागची तसूभरही हललेली नसते. उभी असलेली वस्तू 'चालू' असते, हा आमच्या भाषेचा विनोद मी बी. ए.च्या वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे आणि मुलेही सौजन्याने हसत आली आहेत. गेल्या चैत्रात मात्र या विनोदाने आमच्या घरातच महिनाभर मुक्काम ठोकला.

त्याचे असे झाले. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची. तिची मूत्रपिंडे थकली आहेत, त्यामुळे आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी तिला रुग्णालयात न्यावे लागते. वेळ मिळाली ती दुपारी एकची. विश्रांतवाडीच्या नावात विश्रांती असली तरी तिथल्या उन्हाला तिचा पत्ता नाही. शेजारच्या लोहगावच्या वेधशाळेचा पारा उन्हाळ्यात शिवाजीनगरच्या पाऱ्यापेक्षा बहुधा वरच असतो, हे पुणेकरांना ठाऊक आहे. आमची गाडी म्हणजे मारुतीची ईको. चपट्या नाकाची, प्रशस्त पोटाची, घरातली सगळी मंडळी आणि वर एक गॅसची टाकी सामावून घेणारी. ती आवारात उघड्यावर उभी असते. चैत्र-वैशाखातल्या दुपारी तिचे दार उघडले की भडभुंज्याच्या भट्टीत डोकावल्यासारखे वाटे. आई दोन जिने उतरून खाली येईपर्यंत तिचा दम संपलेला असे, आणि तशात तिला त्या भट्टीत बसवायचे!

आधी खाली जाऊन एसी लावून ठेवावा, असे आपण म्हणाल. पण दुपारी घरात तिच्याजोगा एकच माणूस असतो. एक तर मी, नाहीतर आमचे चिरंजीव. त्याने गाडी थंड करायची की जिन्यात आईचा हात धरायचा? सौ.ची शाळा दुपारची. चिरंजीव अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. त्यांनी एके दिवशी ताटावरच जाहीर केले, "बाबा, आपण रिमोट स्टार्टर बसवू. मीच बसवतो. आजी जिन्यात असतानाच खाली एसी सुरू."

ही युक्ती मूळची थंड मुलुखातली. कॅनडात किंवा उत्तर अमेरिकेत गाडीच्या काचेवर बर्फ साठते. तिथला माणूस घरात कॉफी पीत खिडकीतून बटण दाबतो आणि बाहेर त्याची गाडी ऊब धरू लागते. आम्हांला नेमके उलटे हवे होते, एवढेच. तिच्याही आधीची पिढी पाहायची तर चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरपाशी जावे लागते. त्याचा विजेचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांत आला. त्यापूर्वी हँडल मारताना ते उलटे फिरले की मनगटे मोडत. केटरिंग आधी कॅश रजिस्टरच्या कारखान्यात होता आणि तिथे त्याने त्या यंत्राला विजेची छोटी मोटर जोडली होती. क्षणभरच जोर लावायचा असेल तर लहानशी मोटरही पुरते, हे मर्म त्याने तिथून उचलले. म्हणजे आज आपण किल्ली फिरवतो तेव्हा खाली कुरकुरतो तो दुकानदाराच्या गल्ल्याचा पुतण्या! केटरिंगने माणसाच्या हातातले हँडल काढून घेतले, पण माणसाला गाडीतच बसवून ठेवले. रिमोटने माणूसच बाहेर काढला. सारी ग्यानबाची मेख इथे आहे, पण ती आम्हांला पुढे भेटायची होती.

चिरंजीवांनी यंत्र मागवले, तारा आणि फ्यूज तपकीर गल्लीतून आणले आणि दोन रविवार गाडीच्या सुकाणूखाली उताणे पडून काढले. मी टॉर्च धरण्याच्या कामावर होतो. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवायची, जोडणीच्या जागा नीट पाहून घ्यायच्या आणि तपासणीपुरती ती पुन्हा लावायची. किल्लीच्या खोबणीमागे तारांचा जुडगा असतो. त्यांतली एक सदैव जिवंत. दुसरी किल्ली 'ऑन' केली की जागी होते आणि स्टार्टर फिरतानाही जागीच राहते. तिसरी पंख्याला वीज देणारी, ती स्टार्टर फिरताना तेवढ्यापुरती झोपते. चौथी केवळ स्टार्टर फिरतानाच जागते. मीटरचा काटा लावून त्याने एकेक ओळखली. मला वाटले, हा तर चार प्रकारच्या विद्यार्थ्यांचा वर्ग झाला. ओळख पटल्यावर बॅटरी पुन्हा सोडून डाख आणि टेप. मग ब्रेकच्या पायपट्टीची तार, हँडब्रेकच्या लाल दिव्याची तार, दार उघडल्यावर छतावरचा दिवा लावणारी तार, अशा आणखी जोडण्या. काही गाड्यांच्या किल्लीत चिप असते आणि ती ओळखल्याशिवाय इंजिन उठत नाही. अशा गाडीत त्या चिपची नक्कल करणारे यंत्र जोडावे लागते किंवा सरळ दुसरी किल्लीच आत दडवावी लागते. तिजोरीची किल्ली तिजोरीतच! आमच्याकडे काय केले ते मी इथे लिहिणार नाही. दिवाळी अंक चोरही वाचतात.

सगळे जमत आले आणि गाडे अडले ते गिअरवर. ईकोचा गिअर हाताने टाकायचा असतो. आत बसलेला माणूस किल्ली फिरवण्यापूर्वी नकळत क्लच दाबतो, दांडी हलवून पाहतो. रिमोटला पाय नाहीत. गाडी पहिल्या गिअरमध्ये असताना कुणी दुसऱ्या मजल्यावरून बटण दाबले, तर इंजिन सुरू व्हायच्या आधीच स्टार्टरची मोटर गाडीला पुढे ढकलते. आणि इंजिनने पकड घेतली तर मग विचारायलाच नको. सुटीच्या दुपारी आमच्या आवारात पोरांचे क्रिकेट चाललेले असते आणि त्यांचा यष्टिरक्षक कायम आमच्या गाडीपुढे ओणवा असतो.

आता अडचण पाहा. आमच्या आवाराला रस्त्याकडे उतार आहे. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. जिथे एका ठिणगीचा हिशेब द्यावा लागतो अशा ठिकाणी आयुष्य गेलेला माणूस. उभी गाडी पहिल्या गिअरमध्येच ठेवायची, हा त्यांचा दंडक. "हँडब्रेक ही दोरी आहे. दोरी तुटते, दात तुटत नाहीत," असे ते म्हणत. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली, पण गाडीतून उतरताना आम्हां तिघांचाही हात आपोआप दांडीकडे जातो. आणि हे यंत्र म्हणते, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा!

आई हे ऐकून म्हणाली, "ह्यांनी कधी गाडी मोकळी सोडली नाही. माझ्यासाठी नका काही करू. मी बसेन उन्हात." असे शब्द ऐकल्यावर मुलाने आणि नातवाने काय करावे? चिरंजीवांनी दोन दिवस स्क्रू-ड्रायव्हरला हात लावला नाही.

या यंत्राच्या कर्त्यांनीही हा विचार केलेला आहे, हे मात्र मला मनापासून आवडले. हाताच्या गिअरच्या गाडीसाठी त्यांनी एक विधीच सांगितला आहे. गाडी उभी केली की इंजिन चालू असतानाच न्यूट्रल करायचे, हँडब्रेक ओढायचा, पाय ब्रेकवरून काढायचा, बटण दाबायचे आणि किल्ली काढून घ्यायची. इंजिन चालूच राहते. मग खाली उतरून सगळी दारे लावायची आणि पुन्हा बटण दाबायचे. तेव्हा कुठे इंजिन थांबते. आत माणूस नाही, क्लचवर पाय नाही, तरी इंजिन चालत होते, त्या अर्थी गाडी गिअरमध्ये नाही, असे हे तर्कशास्त्र! यानंतर कुणी दार नुसते किलकिले केले तरी यंत्राचा विश्वास उडतो आणि ते सुरू व्हायचे नाकारते. आम्ही मुद्दाम तपासून पाहिले. विधी केला, दार उघडून लावले, बटण दाबले, गाडी मख्ख. पुन्हा केले, पुन्हा मख्ख. यंत्राने हुकूम पाळला याचे कौतुक कुणीही करील. मला त्या नकाराचे अधिक वाटले.

कायदाही मी वाचून दाखवला. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १२६ : सार्वजनिक जागी गाडी उभी असेल तर चालकाच्या आसनावर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा. म्हणून हे बटण आमच्या आवारापुरतेच. रुग्णालयाबाहेर ते खिशातून काढायचे नाही. तिथे चार तासांनंतर आमच्यापैकी एकजण मुकाट्याने आधी जाऊन गाडीत बसतो, कारण आईला चाकाच्या खुर्चीतून आणायला तिथे मदतनीस असतो. इंजिन दहा मिनिटांत आपोआप बंद होईल असे लावून घेतले. बंद गॅरेजात गाडी चालू राहून धुराने माणसे दगावल्याच्या घटना परदेशांत घडल्या आहेत. आमचे आवार उघडे आहे, तरी खिडक्या तळमजल्यावरही आहेतच.

उरला प्रश्न उताराचा. न्यूट्रलमध्ये सारा भार त्या 'दोरी'वर. चिरंजीव लाकडाची पाचर करायला निघाले होते. तेवढ्यात आई गॅलरीतून म्हणाली, "मागे तुळशीपाशी माझा पाटा पडलाय बघ, फुटलेला. तो लावा चाकाला. ह्यांनीच आणला होता तो आळंदीहून." पाट्याचा तो अर्धा तुकडा एका बाजूने निमुळता आहे, जणू याच कामासाठी फुटला असावा. तो पुढच्या चाकाखाली चपखल बसला. मग आईने स्वतःच सांगितले, "आता करा काय करायचे ते."

आता दुपारी आईला घेऊन मी जिना उतरू लागलो की पहिल्याच वळणावर बटण दाबतो. खालून धडधड ऐकू येते. आई कठड्याला धरून क्षणभर थांबते, कान देते, "झाली चालू," म्हणते आणि पुढची पायरी उतरते. गाडीत गार हवा असते. ती पदराने कपाळ टिपते, पिशवीतला डबा मांडीवर घेते. मी किल्ली लावतो, क्लच दाबतो आणि दांडीला हात घालणार, तोच मागून प्रश्न येतो,

"पाटा काढलास का रे?"