करणी

आमच्या खामगावाकडे ‘करणी’ म्हटले की लोकांना जादूटोणाच आठवतो. नववीच्या गणितात तोच शब्द भेटल्यावर मुले बिचकली तर नवल कसले! वस्तुतः २ चे वर्गमूळ म्हणजे एकक चौरसाचा कर्ण, एवढी ती सरळ गोष्ट.

भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त करण्यांची बेरीज कशी सांगितली आहे ती पाहावी. करण्या २ व ८. त्यांची बेरीज १०, ही ‘महती’. गुणाकार १६, त्याचे मूळ ४, त्याची दुप्पट ८, ही ‘लघु’. महती व लघु मिळून १८. म्हणजे √२ व √८ ह्यांची बेरीज √१८. वजाबाकी हवी असल्यास १० तून ८ गेले, उरली √२. परंतु ३ व ७ घेतल्यास गुणाकार २१, त्यास मूळ नाही. आचार्य त्या वेगळ्याच राहू देतात. ही सबुरी मला बेरजेहून मोलाची वाटते. हल्लीचा विद्यार्थी यंत्राची कळ दाबून √२ च्या जागी १.४१४ लिहितो आणि सुटलो म्हणतो. त्याचा वर्ग करावा तो १.९९९३९६! तूट अल्प खरी, पण पुढे हजाराने गुणिले की तीही हजारपट होते. √२ चा वर्ग मात्र नेमका २.

चाळीसगावाजवळ पाटण येथे आचार्यांचा नातू चांगदेव ह्याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्याच्या दानाचा इ. स. १२०७ चा शिलालेख तेथे आहे. यंदा मुलांना तो दाखवावयास नेण्याचे योजिले आहे.