रथ, फासे आणि चहापाणी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त आमच्याकडे रविवारी रंगणाऱ्या खेळाचं.

पुतण्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचा एक मित्र कल्याणहून, खडकपाड्यावरून येतो आणि एक मैत्रीण ठाण्याहून, नौपाड्यातून. डोंबिवली दोघांच्या मध्ये पडते म्हणून बैठक आमच्याकडे. दुपारी तीनला सुरुवात. संपायची वेळ अशी नाही, ठाणेकर मुलीच्या आईचा फोन आला की उठायचं. खेळ 'स्टार वॉर्स'चा, पण काँप्युटरवरचा नव्हे. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, आणि एकाने बाकीचं सगळं जग चालवायचं. त्याला गेममास्टर म्हणतात. तो मी. ("या वयात?" इति आमची ही.)

आम्ही खेळतो ते पुस्तक 'फोर्स अँड डेस्टिनी', 2015 सालचं. त्यात प्रत्येक पात्राला नीतिमत्तेचा आकडा असतो. सुरुवात साधारण 50 पासून. 70 च्या वर गेलात तर उजेडाच्या बाजूचे, 30 च्या खाली घसरलात तर अंधाराच्या. खेळताना वाईट काही केलं की गेममास्टर गुण देतो, खोटं बोललात तर एखादा, निरपराध माणसाला मारलंत तर दहा. सेशन संपलं की दहा बाजूंचा फासा टाकायचा. गुण फाशापेक्षा जास्त असतील तर जेवढा फरक तेवढी नीतिमत्ता घटते, आणि फासा मोठा आला तर तेवढीच वाढते.

वाचताना बरं वाटलं होतं. खेळताना घोळ झाला.

तीन रविवारांपूर्वी मंडळी एका अवकाशबंदरावर अडकली. जहाजाचे कागद तपासल्याशिवाय उड्डाण नाही, आणि तपासायला चार दिवस. पुतण्याच्या जेडायने अधिकाऱ्याच्या हातात पाकीट सरकवलं. तासाभरात उड्डाण! मी त्याला दोन गुण दिले. सेशनच्या शेवटी पठ्ठ्याने फासा टाकला, आले नऊ. नवातून दोन गेले, उरले सात. नीतिमत्ता 50 ची 57.

"बघ काका," तो म्हणाला, "लाच देऊन मी सात पावलं वर गेलो."

सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री कागदावर हिशोब मांडला. तीन गुण मिळवूनही दहात सात वेळा आकडा वाढतो आणि दोनच वेळा घटतो. म्हणजे रोज थोडंथोडं वाईट वागणारा माणूस या नियमांनी हळूहळू संत होतो. मोठं पाप करायचं नाही, एवढं सांभाळलं की झालं. हे कुठेतरी पाहिलंय, असं वाटत राहिलं.

जुने नियम काढून पाहिले. वेस्ट एंड गेम्सचा 'स्टार वॉर्स'चा पहिला खेळ 1987 सालचा. त्यात अंधाराचा गुण मिळाला की तिथल्या तिथे सहा बाजूंचा फासा टाकायचा. आकडा जमलेल्या गुणांपेक्षा कमी आला की पात्र अंधारात गेलं, आणि ते खेळाडूच्या हातातून काढून गेममास्टरने चालवायचं. दुसऱ्या गुणाला धोका सहात एकदा, चौथ्याला सहात तीनदा. हे कडक आहे, भीतीही वाटते. पण त्यातही एक सोय आहे. पात्र गेलं की खेळाडू कोरा कागद घेतो आणि नवं पात्र लिहितो. झालं गेलं गंगेला मिळालं.

आई बाजूला खुर्चीत बसून ऐकत असते. ती म्हणाली, "यापेक्षा आपली सापशिडी बरी. सापाच्या तोंडात गेलं की कळतं तरी." खरं आहे. सापशिडीचा जुना अवतार मोक्षपट किंवा ज्ञान चौपड. त्याच्याशी ज्ञानेश्वरांचं नावही जोडलं जातं. त्यात साप म्हणजे दुर्गुण आणि शिड्या म्हणजे सद्गुण. वैष्णव पटावर 72 घरं असत, जैन पटावर 84. पण तिथेही साप गाठ पाडतो तो फासा. आपण निवड करून सापाच्या घरात जात नाही.

मला आठवला धर्मराजाचा रथ. खरं बोलण्याच्या पुण्याईने जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा. अश्वत्थामा मेला हे मोठ्याने सांगितलं, हत्ती हा शब्द मात्र पुटपुटला, आणि रथ जमिनीला टेकला. फासा नाही, सूट नाही. नीतिमत्तेचा आकडा इतका स्वच्छ दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिला नाही. विशेष म्हणजे रथ टेकल्यावरही युधिष्ठिराला युद्ध सोडता आलं नाही. पुढेही लढावं लागलं.

पुढच्या रविवारी नियम बदलायचे असं ठरवून बसलो. ठाणेकर मुलगी आल्याआल्या म्हणाली, "काका, त्या बंदरावर रांग होती ना? आम्ही घुसलो तेव्हा आमच्या पुढे कोण होतं?"

गेममास्टरला कशाचंही उत्तर तयार लागतं. मी न थांबता सांगितलं, "एक म्हातारी बाई. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. तिसऱ्यांदा आलेली. दर वेळी उद्या या म्हणतात."

पोरं लिहून घेत होती. आई म्हणाली, "ही कुठली रे बाई?"

ती कुठली हे मला ठाऊक होतं. नातेवाईकांपैकी जे इथे वाचतात त्यांना बाबांच्या नावची वारसनोंद मी चिकाटीने महिन्याभरात करून आणली, एवढंच माहीत आहे. चिकाटीबद्दल शाबासकीही मिळाली होती. चिकाटी पहिले तीन आठवडे होती. चौथ्या आठवड्यात कार्यालयाच्या दारातल्या माणसाने "चहापाण्याचं बघा" म्हटलं आणि मी अडीच हजार दिले. माझी फाईल खालून वर आली. ज्यांच्या फाइलीवर ती आली, त्या बाई बाकावर माझ्या शेजारी बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "तुमचं झालं वाटतं? बरं झालं." मी हो म्हणालो आणि निघालो.

हे त्या टेबलाशी सांगितलं. पुतण्या काही बोलला नाही, फासा हातात फिरवत राहिला. आई थोड्या वेळाने म्हणाली, "मला सांगायचंस." एवढंच.

मग चौघांनी बसून घरचे नियम लिहिले ते असे:

1. वाईट कृत्याचा गुण फाशाने पुसला जाणार नाही.

2. प्रत्येक गुणापुढे नुकसान कोणाचं झालं ते लिहायचं. नाव नसेल तर वर्णन. "सिस्टीमचं" असं लिहिलेलं चालणार नाही.

3. गुण खोडायचा तर त्याच माणसाकडे परत जायचं आणि स्वतःला तोशीस पडेल असं काहीतरी त्याच्यासाठी करायचं. दुसरीकडे दानधर्म केलेला धरला जाणार नाही.

4. कितीही गुण झाले तरी पात्र काढून घ्यायचं नाही. ज्याचं त्यानेच खेळायचं.

कल्याणकराने शंका काढली, "आणि तो माणूस सापडलाच नाही तर?" यावर बराच वाद झाला. पुतण्याचं म्हणणं, वर्षभर शोधलं तर निम्मा गुण सोडावा. ठाणेकर मुलगी ऐकेना. "मग राहू दे ना गुण. कागदावर जागा आहे." शेवटी तिचंच राहिलं.

गेल्या रविवारी पुतण्याने जहाज उलटं फिरवलं. म्हातारीला शोधण्यात सगळं सेशन गेलं, इंधन संपलं, वर एका टोळीने गाठलं. म्हातारी अजून सापडलेली नाही. मी मुद्दाम लपवलेली नाही, नकाशावर ती कुठे आहे ते मी खरंच लिहून ठेवलंय.

माझ्या बाबतीत तसा नकाशा नाही. त्या कार्यालयात दोनदा जाऊन आलो. बाकावर वेगळी माणसं होती. दारातल्याने मला ओळखलं, हसला, "अजून काही काम?" म्हणाला. नाही म्हटलं. गेममास्टरचं पात्र नसतं, तरी मीही एक कागद केलाय. त्यावर सध्या एकच ओळ आहे, पिशवीच्या रंगासकट.

असो. पुढच्या रविवारी सेशन लवकर उरकायचंय. नौपाड्याहून तसा निरोप आलाय.