सातांची बातमी

पावसाळा लागला की आमच्या गडचिरोलीत पत्रकारांची एक ठरलेली बातमी असते. हिवतापाने मृत्यू. वय, गाव, नातेवाइकांचा आरोप, वैद्यकीय अधिकाऱ्यांची प्रतिक्रिया. वीस वर्षांत अशा किती बातम्या लिहिल्या, मोजल्या नाहीत. त्यातली एक मात्र चुकली होती. आज तिच्याबद्दल लिहितोय.

२०१२ चा ऑगस्ट. तिशीतला एक माणूस. फॅल्सिपॅरम मलेरिया, मेंदूवर गेलेला. चार दिवस घरीच काढले, मग खाटेवर टाकून बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात आणला. दुसऱ्या दिवशी गेला. भाऊ दारात रडत होता, "क्विनाईनची सलाईन लावा म्हटलं, तं नवीनच सुई देली."

आमच्याकडे क्विनाईन म्हणजे रामबाण, असा जुन्या लोकांचा विश्वास. माझाही होता. मथळा दिला, 'क्विनाईन नाकारले, रुग्ण दगावला'. डॉक्टरांचा फोन लागला नाही, म्हणून 'संपर्क होऊ शकला नाही' असं लिहून मोकळा झालो. दवाखाना माझ्या घरापासून पायी दहा मिनिटांवर होता.

डॉक्टरला कारणे दाखवा नोटीस आली. पोरगाच होता, अठ्ठावीसचा असेल. चार दिवसांनी मीच गेलो, पुढची बातमी मिळेल म्हणून. तो भांडला नाही. म्हणाला, "बसा पत्रकार साहेब," आणि केसपेपरच्या मागे लिहू लागला.

ती 'नवीन सुई' म्हणजे आर्टेसुनेट. मूळ औषध आर्टेमिसिनिन, चीनमध्ये एका वनस्पतीतून १९७२ मध्ये वेगळं केलेलं. (त्याच कामासाठी तू योयो यांना पुढे २०१५ मध्ये नोबेल मिळालं.) क्विनाईन सिंकोनाच्या सालीतलं, शेकडो वर्षं जुनं. दोघांतलं चांगलं कोणतं, हे बघायला बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमारमधल्या गंभीर मलेरियाच्या १४६१ रुग्णांवर चाचणी झाली. निष्कर्ष २००५ मध्ये आले. क्विनाईन दिलेल्या ७३१ पैकी १६४ दगावले. आर्टेसुनेट दिलेल्या ७३० पैकी १०७. म्हणजे शंभरात २२ विरुद्ध १५. फरक इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवली. मग आफ्रिकेतल्या नऊ देशांत ५४२५ मुलांवर तपासलं, २०१० मध्ये तिथेही आर्टेसुनेटच सरस ठरलं.

"असं का होतं?" मी विचारलं.

त्याने समजावलं. परजीवी तांबड्या पेशीत वाढतो, मोठा झाला की ती पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटते. क्विनाईन मुख्यतः मोठ्या झालेल्या परजीवीवर काम करतं. आर्टेसुनेट त्याला लहानपणीच मारतं, चिकटायच्या आधी. शिवाय क्विनाईनचं सलाईन तासन्‌तास हळूहळू सोडावं लागतं, रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं. रात्री एकच नर्स असलेल्या वॉर्डात हे कोण बघणार? आर्टेसुनेटची सुई दोन-चार मिनिटांत शिरेतून देता येते. पहिल्या चोवीस तासांत तीन वेळा, मग रोज एकदा.

"मग तो का गेला?"

"शंभरातले पंधरा जातातच, साहेब. त्यात तो चार दिवस उशिरा आला."

मी केसपेपरकडे बघत बसलो. २२ वजा १५. सात.

त्या सातांची बातमी कधीच होत नाही. कारण ते सात कोण, हे त्यांनाही माहीत नसतं, डॉक्टरलाही नसतं. ते बरे होतात, घरी जातात, धान लावतात. मेलेला एक मात्र दिसतो, त्याचा भाऊ दिसतो, आणि आम्ही लिहितो. एका वॉर्डात बसून, एका मरणावरून औषध बरं की वाईट ठरवता येत नाही. त्यासाठी १४६१ माणसं लागली.

खुलासा छापला. आतल्या पानावर, चार ओळी. डॉक्टर वर्षभरात बदलून गेला. माझ्या बातमीनंतर मात्र कित्येक दिवस लोक दवाखान्यात येऊन क्विनाईनच मागत होते. हे मला नर्सबाईंनी सांगितलं.

म्हणून या पावसाळ्यात माझ्या पत्रकार मित्रांना आणि गावातल्या सगळ्यांना सांगणं आहे. आरोप छापण्याआधी विचारा: आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आर्टेसुनेटच्या कुप्या आहेत का? आशाताईंकडे तपासणीचे किट आहे का? रुग्ण पहिल्या दिवशी आला की चौथ्या? औषध बदलल्याने शंभरात सात वाचतात, पण नाल्याला पूर आला म्हणून घरीच राहिलेल्याला कोणतंच औषध पोचत नाही. (आर्टेसुनेट नसेल तिथे क्विनाईन आजही जीव वाचवतं, त्याला टाकाऊ समजू नका.)

आणि ताप उतरला म्हणून सुट्टी मागून पळू नका. सुईनंतर गोळ्यांचा तीन दिवसांचा कोर्स पूर्ण करायचाच. पुढचे काही आठवडे हिमोग्लोबिनही तपासून घ्या, सुईनंतर कधी कधी रक्त उशिरा कमी होतं.

त्या चार ओळींत हे सगळं बसलं नव्हतं. म्हणून आज लिहिलं.