टीकेची मात्रा

गेल्या पावसाळ्यात अंबड तालुक्यातील एक भगिनी माझ्याकडे आल्या. निद्रानाश, छातीत धडधड, रक्तदाब 160/100. ईसीजी मात्र निर्दोष. विचारपूस करता कळले, की शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा झाल्यापासून गावच्या व्हॉट्सॲप गटावर रोज रात्री त्यांची टवाळी होत असे. पोषण आहाराविषयी एकही प्रश्न नव्हता. चेष्टा होती ती त्यांच्या सातवीपर्यंतच्या शिक्षणाची.

औषध लिहून देताना मीच ओशाळलो. 2025 मध्ये त्रिभाषा धोरणासाठी डॉ. नरेंद्र जाधव समिती नेमली गेली, तेव्हा अहवालाची वाट न पाहता त्या नेमणुकीवरचे विनोद मीही पुढे धाडले होते.

जाब विचारणे हा आपला अधिकारच आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत किमान 75 टक्के पालक ठेवले, ते त्यासाठीच. मात्र प्रश्न बैठकीत, स्वतःच्या नावाने आणि कामाविषयी विचारावा. रात्री नऊनंतर मोबाइल दूर ठेवावा; वाचणाऱ्याने आणि लिहिणाऱ्यानेही.

पुढच्या तपासणीत रक्तदाब 138/86 होता. “या वेळी बैठकीला तिघे आले, डॉक्टरसाहेब, हिशेब मागायला,” असे सांगताना बाई हसत होत्या.